चित्रांचं पुस्तक घेऊन येऊरच्या रानात: रानफुलं ओळखायला सुरुवात कशी करावी

शेवळाचं फूल मे संपता संपता, वळवाच्या पहिल्या सरी पडल्या की जमिनीतून थेट वर येतं. तेव्हा त्याला एकही पान नसतं. पुढे पावसाने जोर धरला की त्याच कंदातून एका दांड्यावर मोठं, फाटे फुटलेलं पान उभं राहतं, पण तोवर फुलाचा मागमूसही उरलेला नसतो. फोटो काढणाऱ्याला यातलं एका वेळी एकच काहीतरी मिळतं. चित्रकाराला ही अडचण नसते. एकाच पानावर डावीकडे जांभळट फूल, उजवीकडे पान, खाली कंद आणि कोपऱ्यात फळ, असं वर्षभरात विखुरलेलं झाड तो एकत्र मांडतो.

ठाणे किंवा नवी मुंबईत राहून आपल्या डोंगरांवरची झाडं ओळखायची इच्छा असेल, तर सुरुवात चित्रांच्या पुस्तकाने करावी असं मला वाटतं, ते यासाठी. मोबाइलचं अॅपही वापरा, पण नंतर. आधी डोळ्याला पाहायची सवय लागायला हवी, आणि ती चांगल्या चित्रातून जितकी लागते तितकी दुसऱ्या कशातून लागत नाही. पुढच्या पायऱ्या अगदी नवख्यासाठी आहेत. वनस्पतिशास्त्र शिकलेलं असण्याची गरज नाही.

पायरी १: पहिली ओळख बाजारात करून घ्या

जून-जुलैमध्ये ठाण्याच्या जांभळी नाक्याच्या बाजारात किंवा स्टेशनकडच्या रस्त्यांवर रानभाज्या घेऊन बसलेल्या आदिवासी बायका दिसतात. शेवळं, फोडशी, टाकळा, कुरडू, भारंगीचा पाला, पुढे कर्टोली. जंगलातली निम्मी मंडळी इथेच भेटतात, आणि त्यांना जन्मापासून ओळखणारं माणूस समोर बसलेलं असतं. गर्दी नसेल अशा वेळी जा, भाजी विकत घ्या आणि विचारा: "मावशी, हे कुठे उगवतं? फूल कसं येतं याला?" शेवळं घेतलीत तर सोबत काकडंही घ्यायला सांगतील. काकड हे झाड आहे. त्याची आंबट फळं शेवळाच्या भाजीत घालतात, म्हणजे घशाला खाज येत नाही. एका भाजीच्या निमित्ताने दोन झाडांची ओळख झाली.

एक गोष्ट मात्र पक्की ठेवा. पुस्तकातल्या चित्रावरून ओळखून रानातलं काहीही खायचं नाही. फोडशीच्या जुडीसारखी दिसणारी लांब पात्यांची बरीच रोपं पावसाळ्यात उगवतात. खायची भाजी विकत घ्यावी. पुस्तक पाहण्यासाठी आहे.

घरी आल्यावर भाजी निवडण्याआधी एक जुडी टेबलावर पसरा. कुरडूचं पान देठाला कसं जोडलंय, टाकळ्याच्या एका देठावर पानांच्या किती जोड्या आहेत (बहुधा तीन) हे पाहून घ्या. रानात हीच रोपं पायाशी दिसली की अनोळखी वाटणार नाहीत.

पायरी २: पुस्तक निवडताना काय पाहायचं

"भारतातील फुले" अशा थाटाचं पुस्तक घेऊ नका. हिमालय ते केरळ एका पुस्तकात कोंबलं की आपल्या वाट्याला मोजकी पानं येतात. पुस्तक सह्याद्रीचं किंवा कोकणचं हवं. त्यात मराठी नाव, शास्त्रीय नाव, फुलण्याचे महिने आणि झाडाचं माप या चार गोष्टी असायलाच हव्यात. मराठी नावं गावागणिक, पाड्यागणिक बदलतात. 'रानहळद' म्हणून दोन माणसं दोन वेगळी झाडं दाखवतील. म्हणून शास्त्रीय नाव जड वाटलं तरी वहीत उतरवून ठेवा.

दुकानात पुस्तक हातात आलं की दोन झाडं काढून बघा. पहिली कळलावी. तिची लाल-पिवळी, मागे वळलेल्या पाकळ्यांची फुलं कोणीही छान काढतं. पण तिच्या पानाचं टोक लांबत जाऊन त्याचा वेटोळा तणावा होतो आणि त्याच्या आधाराने वेल वर चढते, हे चित्रात दिसतंय का? दुसरा कुडा. पांढरा कुडा आणि काळा कुडा, दोघांची फुलं पांढरी, दोघांची पानं समोरासमोर, दोघांच्या देठातून चीक येतो. शेंगा पाहिल्या की बराच उलगडा होतो. दोघांच्याही शेंगा लांब आणि जोडीने लोंबतात, पण काळ्या कुड्याच्या जोडीची टोकं कोवळेपणी एकमेकांना चिकटलेली असतात. पांढऱ्याच्या शेंगा मोकळ्या असतात. ज्या पुस्तकाने शेंगा दाखवल्यात ते पुस्तक झाडाला वर्षभर भेटलेल्या माणसाने केलंय असं समजा.

रंगांनुसार मांडलेली पुस्तकं नवख्याला सोपी जातात: पांढरी फुलं एकत्र, पिवळी एकत्र. पहिल्या पावसाळ्यासाठी ती ठीक आहेत. पण मुरुडशेंगेचं ताजं फूल लाल असतं आणि जुनं होताना निळसर-करडं पडतं. कळलावीच्या पाकळ्या आधी हिरवट-पिवळ्या, मग लाल होतात. तेव्हा रंग ही पहिली खूण धरायला हरकत नाही, शेवटची धरू नका. कुळांनुसार, म्हणजे एकमेकांच्या नात्यातली झाडं एकत्र, असं मांडलेलं पुस्तक सुरुवातीला कोड्यात टाकतं, पण पुढे तेच जास्त उपयोगी पडतं. छायाचित्रांचं पुस्तक जोडीला हवं असेल तर श्रीकांत इंगळहळीकर यांचं 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री' पाहा. पुस्तकं विकत घेण्याआधी हाताळायची असतील तर फोर्टात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या हॉर्नबिल हाउसमध्ये चक्कर मारा, किंवा ठाण्यात १८९३ पासून चालू असलेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात चौकशी करा.

आता थोडं जुन्या चित्रांविषयी, कारण या छंदातलं निम्मं सुख त्यांत आहे. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅममध्ये 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ छापला गेला. कोचीचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान रेडे याने तो करवून घेतला. झाडांची माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युदन हे मलयाळी वैद्य होते, तसेच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे कोंकणी वैद्यही होते. त्यामुळे चित्रांवर झाडांची नावं रोमन, मलयाळम आणि अरबी लिप्यांबरोबर नागरीतही कोरलेली आहेत. हे खंड आज इंटरनेटवर फुकट पाहता येतात. त्यात आपली कळलावी आहे, आपला पेव आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या रेषांवरून आजही झाड ओळखता येतं.

आपल्याकडचं उदाहरण आणखी जवळचं आहे. पुण्याजवळ दापोडीला सरकारी वनस्पती उद्यान होतं. मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन त्याचे प्रमुख होते. त्यांनी १८४७ ते १८५० च्या दरम्यान एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून तिथल्या झाडांची रंगीत चित्रं काढून घेतली. ती आता एडिनबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. चित्रकाराचं नाव मात्र कुठे नोंदलेलं नाही. देठावरची लव आणि पानाची मागची बाजू इतक्या निगुतीने रंगवणाऱ्या माणसाचं नाव मागे राहू नये, याचं मला फार वाईट वाटतं.

पायरी ३: एक वाट ठरवा आणि तीच धरा

ठाणेकरांसाठी येऊर. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे. बोरिवली ही त्याची पश्चिमेची बाजू, येऊर पूर्वेची. ठाणे स्टेशनहून टीएमटीची बस मिळते. घोडबंदर रस्त्यावर राहत असाल तर मानपाड्याचं निसर्ग परिचय केंद्र आणि नागला बंदरचा भाग जवळ पडतो. नवी मुंबईकरांना पारसिकचा डोंगर आणि खारघरच्या टेकड्या आहेत, आणि सुट्टीच्या दिवशी पनवेलहून साधारण १२ किलोमीटरवरचं कर्नाळा अभयारण्य. खारघरच्या पांडवकडा धबधब्याकडे पावसाळ्यात जाऊ नका. तिथल्या पाण्यात जीव गेलेले आहेत आणि बंदी असते ती उगाच नाही.

गेटवर वेळ आणि प्रवेशशुल्क विचारून घ्या, आखलेली वाट सोडू नका, पहाटेच्या अंधारात आणि संध्याकाळी उशिरा आत राहू नका. येऊरला बिबटे आहेत. दोघं-तिघं मिळून गेलात तर बरं. पूर्ण बाह्या, बंद बूट आणि छत्री (रेनकोटची टोपी डोक्यावर असली की बाजूचं काही दिसत नाही). ऑक्टोबरनंतर झुडपांवर मखमली शेंगांची वेल दिसली तर हात लावू नका. ती खाजकुयली.

दर वेळी नवी जागा पाहायचा मोह होतो. तो निदान पहिलं वर्ष आवरा. एकाच वाटेचा अर्धा-एक किलोमीटरचा तुकडा पुन्हा पुन्हा चाललात, तर शेवळाचं फूल आणि त्याचं पान एकाच झाडाचं आहे हे तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी कळेल. पुस्तकातलं एक चित्र असं तयार झालेलं असतं.

पायरी ४: पुस्तक बंद ठेवून पाहा

ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी आहे. नवखा माणूस फूल दिसलं की लगेच पानं चाळायला लागतो आणि पहिल्या जवळपासच्या चित्रावर थांबतो. त्याऐवजी पुस्तक पिशवीत राहू द्या आणि झाडासमोर खाली बसा.

आधी फुलाकडे बघू नका. पानं खोडावर समोरासमोर आहेत की एकाआड एक? कडा सरळ आहे की दातेरी? खोड गोल आहे की चौकोनी? झाड स्वतः उभं आहे, की दुसऱ्यावर चढलंय? सावलीत आहे, ओढ्याकाठी आहे, की उघड्या कातळावर? मग फूल: पाकळ्या किती, सुट्या की जोडलेल्या, सगळ्या सारख्या की एखादी वेगळी? खालून, बाजूनेही बघा. दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग गळ्यात असू द्या. स्टेशनरीच्या किंवा प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात मिळतं.

पेवावर ही रीत करून बघा. जुलै-ऑगस्टमध्ये येऊरच्या वाटांवर तो भरपूर असतो. त्याचं खोड पाहिलंत तर पानं गोल जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे वळत वळत वर गेलेली दिसतील. एवढ्या एका खुणेवर, फूल नसतानाही, पेव ओळखता येतो. वर लालसर शल्कांचा (फुलाला लागून असणाऱ्या पानासारख्या भागांचा) भरीव तुरा असतो आणि त्यातून रोज एखाद-दुसरंच पांढरं फूल उमलतं. फुलं संपली तरी तुरा लाल राहतो, पुढे त्यात काळ्या बिया दिसतात. रानहळदीतही असाच चकवा आहे. लांबून दिसणारा गुलाबी तुरा म्हणजे पाकळ्या नव्हेतच, तीही शल्कंच. खरी फुलं पिवळी असतात आणि खालच्या हिरव्या शल्कांत दडलेली असतात. चांगलं चित्र हे दोन्ही वेगळं करून दाखवतं.

केना तर सोसायटीच्या कुंपणाशीही सापडेल. दोन पाकळ्या ठळक निळ्या, तिसरी लहान आणि फिकी. सकाळी उमलून दुपारपर्यंत मिटतो, म्हणून त्याला भेटायचं तर सकाळी. याच झाडाला जमिनीखालीही फुलं येतात. ती कधी उमलत नाहीत, मातीतच त्यांचं बी धरतं. ही गोष्ट फक्त चित्रातूनच पाहायला मिळते, कारण ती पाहण्यासाठी रोप उपटावं लागेल.

आणि रोप उपटायचं नाही. राष्ट्रीय उद्यानातून फूल तोडणं, रोप किंवा कंद काढणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. कायदा नसता तरी तोडू नये असंच मी म्हणेन. पांढरी मुसळी म्हणून औषधांच्या बाजारात विकलं जाणारं झाड शास्त्रीय नावात बोरिवली घेऊन फिरतं: क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम. याच डोंगररांगेवरून त्याला ते नाव मिळालं. कंदांसाठी खणून खणून रानातून ते किती ठिकाणी कमी झालं आहे!

पायरी ५: वाईट का होईना, चित्र काढा

चित्रकला येत नाही ही सबब इथे चालत नाही, कारण हे चित्र कोणाला दाखवायचं नसतं. पेन्सिल, कोऱ्या पानांची वही आणि सहा इंची पट्टी पुरे. पावसाळ्यात शाईचं पेन नको. एका पानाचा आकार, दोन पानं खोडाला कशी जोडलेली आहेत, एक फूल समोरून आणि एक बाजूने, शेजारी माप. खाली तारीख, जागा, उन्हात की सावलीत. पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

पाकळी काढताना ती मोजावी लागते. देठ काढताना त्यावर लव आहे का हे बघावं लागतं. न काढता आपण या गोष्टी पाहिल्याच नसत्या. घरी येऊन मग पुस्तक उघडा आणि आपलं चित्र त्यातल्या चित्राशेजारी ठेवा. जुळणाऱ्यापेक्षा न जुळणाऱ्या गोष्टींकडे लक्ष द्या. पानं समोरासमोर असतील तर एकाआड एक पानांची सगळी झाडं बाद. माप दुप्पट असेल तर तेही बाद. नाव सापडलं नाही तर जागा कोरी सोडा. कोरी जागा चुकीच्या नावापेक्षा केव्हाही चांगली.

पायरी ६: स्वयंपाकघरातल्या कुळांवरून रानातली कुळं

शेकडो नावं पाठ करण्यापेक्षा पाच-सहा कुळं ओळखा. ती घरात आहेतच. तुळस हातात घ्या: चौकोनी खोड, समोरासमोर पानं, दोन ओठांची बारीक फुलं, चुरगाळलं की वास. रानातही ही लक्षणं एकत्र दिसली की तुळशीचं कुळ असण्याची शक्यता मोठी. भेंडीचं फूल पाहिलेलं असेल तर ऑगस्टमध्ये येऊरच्या वाटेवर रानभेंडी लगेच ओळखाल: तसंच मोठं पिवळं फूल, मध्यभागी गडद तांबूस. मटारसारखं फूल कवला या रानभाजीत सापडेल. कारल्याचं कुळ कर्टोलीत. तिचे नर आणि मादी वेल वेगवेगळे असतात, तेव्हा फुलं खूप आणि फळ एकही नाही असं दिसलं तर तो नर वेल. आलं-हळदीचं कुळ रानहळदीत. पेव त्यांचा जवळचा भाऊबंद, पण वळत जाणाऱ्या पानांमुळे वेगळ्या कुळात ठेवलेला.

सणांचीही मदत घ्या. कोकणात तेरड्याची गौर आणतात. तेरड्याची पिकलेली बोंडं बोट लागताच फुटतात आणि बिया उडवतात, हे मुलांना दाखवा. पुस्तकाचं काम निम्मं होईल. कळलावी मात्र मुलांच्या हाती देऊ नका. तिचे सगळे भाग विषारी आहेत, कंद तर फारच.

पायरी ७: आपलं कोण, बाहेरून आलेलं कोण

दिसायला सुंदर आणि भरपूर फुललेलं म्हणजे इथलं असं नाही. घाणेरी, रानमोडी, गाजर गवत, नारिंगी कॉसमॉस आणि नवी मुंबईच्या दुभाजकांवर पसरलेली पिवळी सिंगापूर डेझी ही सगळी अमेरिका खंडांतून आलेली आहेत. घाणेरी आणि रानमोडीने रानाच्या कडा आणि मोकळ्या जागा व्यापल्या की खाली पेव, रानहळद, शेवळ यांना जागा उरत नाही. म्हणून पुस्तकात मूळ प्रदेश दिलेला असेल तर तो नक्की वाचा आणि वहीत परक्या झाडांसमोर खूण करा. आपल्या वाटेवर अशा खुणा कुठे वाढताहेत हे तुमच्याइतकं कोणालाच कळणार नाही.

अॅपची गरज इथे पडते. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर फोटो टाकले की जाणकार नाव सुचवतात आणि नोंदही राहते. फोटो फुलाचा, पानाच्या दोन्ही बाजूंचा आणि पूर्ण झाडाचा, असे तिन्ही टाका. कंदीलपुष्प किंवा आमरी (ऑर्किड) सापडली तर नेमकी जागा समाजमाध्यमांवर सांगू नका. त्या उपटून नेणारे असतात.

पायरी ८: पावसाळा संपल्यावरही चालू ठेवा

दिवाळीनंतर बहुतेक जण वही मिटतात. मला वाटतं, खरी मजा तेव्हा सुरू होते. धायटीची लाल नळीदार फुलं, उक्षीचे हिरवट घोस, मार्चपासून कुसरीच्या पांढऱ्या चांदण्या. पळस, पांगारा आणि कौशी तर पानं गाळून फुलतात, तेव्हा पुन्हा तोच शेवळाचा प्रश्न: पान कुठलं, फूल कुठलं? पावसाळ्यात काढलेल्या पानाच्या चित्राशेजारी आता फुलाचं चित्र काढायला जागा ठेवा.

आणि कारवी. तिचा जांभळा बहर साधारण आठ वर्षांनी येतो. इथल्या डोंगरांवर तो २०१६ आणि २०२४ मध्ये आला, त्या हिशेबाने पुढचा २०३२ च्या पावसाळ्यात. फुलून बी धरलं की ती झुडपं मरतात, वाळलेली बोंडं फुटून बी पडतं आणि पावसात नवी रोपं येतात. म्हणजे आज वाटेच्या कडेला जी कारवी उभी आहे ती बहुतेक सगळी एकाच वयाची आहे. तिचं पान आत्ताच ओळखून ठेवा: समोरासमोर, दातेरी कडा, ठळक शिरा. याच कारवीच्या काठ्यांनी वारल्यांच्या घरांच्या कुडाच्या भिंती होतात, तेव्हा पाड्यावरच्या कोणालाही विचारलंत तरी दाखवतील. वाटेवरचं एक झुडूप निवडा, दर जुलैमध्ये पट्टीने त्याची उंची मोजा आणि वहीत त्याच पानावर लिहीत जा. फुलाच्या चित्रासाठी पानाचा वरचा अर्धा भाग रिकामा सोडा.